मढे पुरणाऱ्याचा पत्ता

गाडीखाली आलेली मांजर हमरस्त्यावर दोन दिवस पडून राहते. पण रानात उंदीर, खारी, पक्षी आणि त्यांची पिल्ले रोज मरत असताना त्यांची मढी सहसा कुणाच्या नजरेस पडत नाहीत. जितके जन्माला येतात तितकेच कधी ना कधी मरतात, हे साधे गणित आहे. मग ही सगळी कलेवरे जातात कुठे?

अठराव्या शतकाच्या मध्यावर बर्लिनमधील वनस्पतिशास्त्रज्ञ योहान ग्लेडिच यांना हा प्रश्न बागेतल्या वाफ्यांनी घातला. चिचुंद्रीसारखा दिसणारा आणि जमिनीखाली बिळे करून राहणारा मोल नावाचा प्राणी वाफ्यावर मरून पडलेला असे आणि थोड्याच वेळात नाहीसा होई. ग्लेडिच यांनी माती उकरली, तेव्हा चार-पाच बोटांवर तो प्राणी सापडला आणि त्याच्याखाली भुंगेरे. मग त्यांनी मातीने भरलेल्या भांड्यात चार भुंगेरे सोडले आणि वरून मेलेले जीव टाकत गेले. पन्नास दिवसांत त्या चौघांनी बेडूक, लहान पक्षी, मासे, एक मोल, नाकतोडे आणि बैलाच्या फुप्फुसाचे तुकडेसुद्धा मातीआड केले.

या भुंगेऱ्यांच्या कुळाला शास्त्रीय भाषेत सिल्फिडी म्हणतात. जगात त्यांच्या सुमारे दोनशे जाती आहेत. ढोबळमानाने त्यांचे दोन धंदे. एक गट मोठ्या जनावराच्या मढ्यावर येतो, तिथलेच मांस आणि माश्यांच्या अळ्या खातो, तिथेच अंडी घालतो आणि मढे संपले की उडून जातो. दुसरा गट निक्रोफोरस या नावाने ओळखला जातो. त्याच्या सत्तरएक जाती आहेत आणि बहुतेकांच्या काळ्या पाठीवर नारिंगी पट्टे असतात. हे लहान कलेवर चक्क जमिनीत पुरतात आणि त्यावर आपली पिल्ले वाढवतात.

त्यांची कामाची रीत पाहण्यासारखी आहे. मिशांच्या टोकाला असलेल्या गाठींनी भुंगेरा मृत्यूचा वास दुरून टिपतो. माणसाच्या नाकाला काही कळण्याआधीच तो कलेवरापाशी पोहोचलेला असतो. तिथे आणखी भुंगेरे आले तर मारामारी होते, नर नराशी आणि मादी मादीशी. शेवटी बहुधा एक जोडी उरते. जमीन कडक असेल तर ही जोडी कलेवराच्या खाली उताणी होऊन सहा पायांवर त्याला पुढे ढकलते आणि मऊ मातीपर्यंत नेते. मग खालची माती उपसली जाते आणि कलेवर आपोआप खाली बसते. मातीच्या आत त्याचे केस किंवा पिसे उपटली जातात आणि मांसाचा गोळा केला जातो. मादी शेजारच्या मातीत अंडी घालते. तीन-चार दिवसांत अळ्या बाहेर येतात आणि आईबाप त्यांना पक्ष्यासारखे तोंडाने भरवतात. अळ्या मान वर करून, पाय हलवून खाणे मागतात. कीटकांत आईबाप दोघांनी मिळून पिल्लांची अशी निगा राखणे फार दुर्मीळ आहे. याच आईबापांचा एक कठोर हिशेबही असतो. अळ्या जास्त आणि मांस कमी असे दिसले तर ते काही अळ्या स्वतःच खाऊन टाकतात आणि उरलेल्यांची पोटे भरतील असा मेळ बसवतात.

वैद्यकाला यातली आणखी एक गोष्ट खुणावते. उघड्यावरचे मांस उन्हाळ्यात दिवसभरात सडते. या भुंगेऱ्यांच्या घरट्यातला गोळा मात्र आठवडाभर टिकतो. भुंगेरे त्यावर तोंडातून आणि गुदद्वारातून स्राव फासत राहतात. त्या स्रावात लायसोझाइम असते. आपल्या अश्रूंत आणि लाळेत असते तेच जिवाणूंच्या भिंती फोडणारे प्रथिन. जर्मनीतील येना येथील संशोधकांनी 2018 साली दाखवले, की भुंगेऱ्यांनी राखलेल्या मांसावर त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंचा आणि यीस्टचा एक बुळबुळीत थर तयार होतो. तो पुसून काढला तर अळ्यांची वाढ खुंटते. म्हणजे हा भुंगेरा सगळे जंतू मारत बसत नाही, नको असलेल्यांच्या जागी आपल्या ओळखीचे आणून बसवतो. प्रतिजैविकांच्या बेसुमार वापराने हैराण झालेल्या रुग्णालयांना ही युक्ती विचार करायला लावणारी आहे. अर्थात या स्रावातून उद्या औषध निघेल, असे म्हणण्याइतका आधार आज कुणाकडे नाही.

मृत्यू सगळीकडे आहे, तेव्हा हे भुंगेरेही सगळीकडे असायला हवेत. तसे ते नाहीत. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला असलेल्या आफ्रिकेत किंवा ऑस्ट्रेलियात निक्रोफोरस नाही. आशिया, युरोप आणि अमेरिका खंडांतही प्रत्येक जातीचा स्वतःचा पत्ता असतो. कुणी दाट झाडीत, कुणी उघड्या माळावर, कुणी दलदलीत. खाणे एकच आणि घरे वेगळी, हे कसे?

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातले उदाहरण घ्या. निक्रोफोरस ऑर्बिकॉलिस ही जात जंगलात सापडते, तर मार्जिनेटस उघड्या गवतात. डिफोडिएन्स ही लहान जात थंड, उत्तरेकडच्या जंगलातली. तिला ऑर्बिकॉलिससारखे खोल पुरणे जमत नाही, ती कलेवर पालापाचोळ्याखाली दडवते. या जातींचे वेळापत्रकही वेगळे आहे. ऑर्बिकॉलिस रात्री उडतो, डिफोडिएन्स संध्याकाळी त्याच्याआधी येऊन जातो. टोमेन्टोसस तर दिवसाढवळ्या उडतो, तोही उन्हाळा उतरल्यावर. अंगावरच्या पिवळ्या लवेमुळे तो भुंगेऱ्यापेक्षा गुबगुबीत मधमाशीच वाटतो. प्युस्टुलेटस या जातीने आणखी वेगळी वाट धरली. ती जमिनीवरच्या सापळ्यांत कमी आणि झाडांच्या शेंड्यांवर टांगलेल्या सापळ्यांत जास्त सापडते. या शतकाच्या सुरुवातीला कॅनडात ती चक्क सापांच्या अंड्यांवर पिल्ले वाढवताना आढळली. एकाच चाळीतले भाडेकरू जसे नळाच्या वेळा वाटून घेतात, तशी ही विभागणी आहे. फरक एवढाच की इथे ती कुणी ठरवलेली नाही. जिथे नि जेव्हा दुसऱ्याकडून मार खावा लागला नाही, तिथे नि तेव्हा प्रत्येकाचे बस्तान बसले.

या वाटणीतून एकदा शास्त्रज्ञांना एक हरवलेली जातच परत मिळाली. वेस्पिलॉइड्स हा युरोपातला अगदी नेहमीचा, जंगलात राहणारा भुंगेरा. कॅनडाच्या पूर्व भागातही तो आहे असे मानले जाई. ओटावाजवळच्या मेर ब्लू या शेवाळाच्या दलदलीत तो विपुल होता, पण दलदलीला लागून असलेल्या जंगलात मात्र नव्हता. युरोपात जो जंगलाचा रहिवासी, तो इथे पाय ओल्या शेवाळात रोवून का बसला? स्पष्टीकरण असे दिले गेले, की जंगलात डिफोडिएन्स त्याला टिकू देत नाही, म्हणून तो दलदलीत ढकलला गेला. स्पष्टीकरण पटण्यासारखे होते. पण 2016 साली सायक्स, ट्रम्बो आणि पेक या अभ्यासकांनी या भुंगेऱ्यांची जनुके आणि शरीररचना तपासली, तेव्हा कळले की दलदलीतला भुंगेरा वेस्पिलॉइड्स नव्हताच. विल्यम किर्बी यांनी 1837 सालीच त्याला हेबीज असे वेगळे नाव दिले होते. पुढे कुणीतरी ते वेस्पिलॉइड्समध्ये विलीन करून टाकले आणि सगळे ते विसरले. नाव एक झाले तरी पत्ता वेगळाच राहिला होता, आणि त्या पत्त्यानेच खरी ओळख पटवली.

आता भारताकडे येऊ. निक्रोफोरस आपल्याकडे आहे, पण हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत. नेपालेन्सिस ही जात तिथून थेट तैवानपर्यंत पसरली आहे. नागपूरच्या किंवा सोलापूरच्या उन्हाळ्यात मेलेल्या उंदरापाशी तासाभरात मुंग्यांची रांग लागते आणि निळ्या-हिरव्या माश्या घोंघावू लागतात. त्यांची अंडी काही तासांत फुटतात. उष्णतेत माशीची अळी इतक्या झपाट्याने वाढते, की कलेवर पुरायला रात्रभर घाम गाळणाऱ्या भुंगेऱ्याच्या वाट्याला काही उरत नाही. पुरणारे भुंगेरे थंड मुलखाचे का, याचे मोठे कारण या शर्यतीत आहे.

हा नुसता तर्क नाही. तैवानमधील डोंगरांवर नेपालेन्सिसवर झालेले आणि 2014 साली प्रसिद्ध झालेले संशोधन याच प्रश्नाचे आहे. डोंगर चढत गेले की हवा थंड होते आणि माश्या कमी होतात. उंचावर हे भुंगेरे एकमेकांशी कडाडून भांडतात आणि जिंकलेली जोडी कलेवर घेते. खालच्या उबदार भागात माश्यांचा धोका मोठा, म्हणून तिथे ते भांडण आवरते घेतात आणि अनेक जण मिळून कलेवर झटपट साफ करून पुरतात. माश्यांची अंडी काढून टाकायची, मांसाचा गोळा करायचा, मातीआड न्यायचा, ही कामे चार-सहा जणांनी वाटून घेतली तरच तिथे निभाव लागतो. एकत्र आल्यामुळे त्यांना एरवी न परवडणारी जागाही राहण्यालायक झाली. काही भुंगेरे याहून सोपी मदतही सोबत आणतात. त्यांच्या अंगावर बसून गोचिडीच्या दूरच्या नात्यातले बारीक माइट प्रवास करतात. कलेवर आले की उतरतात, माश्यांची अंडी फस्त करतात आणि काम झाले की पुन्हा भुंगेऱ्यावर स्वार होतात.

या साऱ्याचा न्यायवैद्यकाशी थेट संबंध आहे. मृतदेहावर कोणते कीटक आहेत आणि ते वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहेत, यावरून मृत्यूची वेळ ठरवण्याचे शास्त्र आता जगभर न्यायालयांत मानले जाते. पहिल्या काही दिवसांत माश्यांच्या अळ्या उपयोगी पडतात, दिवस उलटून गेले की भुंगेरे. त्यातही प्रत्येकाचा पत्ता ठाऊक असेल तर आणखी एक प्रश्न विचारता येतो: देह जिथे सापडला तिथेच मृत्यू झाला का? मध्य युरोपात थॅनॅटोफिलस सिनुएटस हा भुंगेरा उघड्या शेतांचा शौकीन, तर नारिंगी छातीचा ओइसिओप्टोमा जंगलातला. जंगलातल्या भुंगेऱ्याच्या अळ्या भर शेतातल्या मृतदेहावर सापडल्या, तर तपास करणाऱ्याच्या मनात शंका यायला हवी. शंका म्हणजे पुरावा नव्हे. भुंगेरे उडतात आणि जंगलाच्या कडेला दोन्हीकडचे भेटतात. पोलंडमधील पॉझ्नान विद्यापीठात डुकरांची कलेवरे जंगलात आणि माळावर ठेवून असे तपशील वर्षानुवर्षे गोळा केले जात आहेत. तिथल्याच अभ्यासात नेक्रोडीज या मोठ्या भुंगेऱ्याबद्दल एक चमत्कारिक गोष्ट कळली. त्याच्या अळ्या शेकड्यांनी एकत्र बसतात, मांसावर स्रावाचा थर पसरतात आणि तो थर भोवतालच्या हवेपेक्षा गरम होतो. त्या उबेत अळ्या लवकर वाढतात. मृत्यूची वेळ मोजताना नुसते हवामान खात्याचे तापमान धरले, तर हिशेब इथे चुकतो.

युरोपात तयार झालेले असे तक्ते आपल्याकडच्या शवागारात उचलून वापरणे म्हणूनच धोक्याचे आहे. इथली हवा वेगळी, माश्या वेगळ्या, भुंगेरे वेगळे. कोकणातल्या पावसाळ्यात आणि मराठवाड्यातल्या मे महिन्यात कोणता कीटक कितव्या दिवशी येतो, याची नोंद इथेच करावी लागेल. तिला पर्याय नाही.

पत्ता नीट न समजल्याची सर्वांत मोठी किंमत मात्र अमेरिकेत मोजावी लागली. निक्रोफोरस अमेरिकॅनस हा त्या खंडातला सर्वांत मोठा पुरणारा भुंगेरा. लांबी तीन सेंटिमीटरच्या आसपास, पाठीवर नारिंगी ठिपके आणि डोक्यामागच्या ढालीवरही मोठा नारिंगी डाग. एकेकाळी अमेरिकेच्या 35 राज्यांत आणि कॅनडाच्या 3 प्रांतांत तो होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपासून तो एकेका राज्यातून नाहीसा होऊ लागला. 1989 साली त्याला अमेरिकेच्या संकटग्रस्त जीवांच्या यादीत घातले, तेव्हा त्याचे दोनच ठिकाणे माहीत होती. एक ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यापलीकडचे ब्लॉक आयलंड हे चिमुकले बेट आणि दुसरे हजारो किलोमीटर दूर, ओक्लाहोमा राज्याचा पूर्व भाग.

ही दोन्ही ठिकाणे शेजारी शेजारी मांडून पाहिली की कोडे समोर येते. ब्लॉक आयलंडवर समुद्राचा वारा, खुरटी झुडपे आणि गवत. ओक्लाहोमात ओक आणि हिकरीची जंगले आणि त्यांच्यामधली कुरणे. पुढे शोध वाढला तसा हा भुंगेरा नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांमधल्या ओलसर कुरणांतही सापडला. झाडे वेगळी, माती वेगळी, हवा वेगळी. मग याचा अधिवास म्हणायचा तरी कोणता? एखाद्या प्राण्याला वाचवायचे तर आधी त्याचे जंगल किंवा कुरण राखायचे, ही नेहमीची रीत. इथे राखायचे काय तेच कळेना.

ओक्लाहोमात 1990 च्या दशकात लोमोलिनो आणि क्रेटन यांनी केलेल्या कामाने कोड्याची एक बाजू उलगडली. खाण्याच्या शोधात हा भुंगेरा जंगल आणि गवत असा भेद करीत नाही. एका रात्रीत काही किलोमीटर उडतो आणि दोन्हीकडच्या सापळ्यांत सापडतो. पण पिल्ले वाढवायची वेळ आली की जंगलात त्याला जास्त यश येते. तिथली माती मोकळी आणि ओलसर असते, वर पाल्याचा थर असतो, कलेवर लवकर मातीआड जाते. ओलावा त्याच्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न आहे, कारण कोरड्या हवेत या भुंगेऱ्याच्या अंगातले पाणी झपाट्याने उडून जाते. फिरण्याची जागा एक आणि बाळंतपणाची दुसरी, हे लक्षात घेतले नाही तर सापळ्यातल्या आकड्यांवरून माणूस भलतेच निष्कर्ष काढतो. ओपीडीतल्या गर्दीवरून गावाच्या आरोग्याचा अंदाज बांधण्यासारखेच ते.

कोड्याची दुसरी बाजू कलेवराच्या वजनात होती. लहान जातींना वीस ग्रॅमचा उंदीर पुरतो. या थोराडाला 80 ते 200 ग्रॅमचे कलेवर लागते, म्हणजे साधारण लावा पक्षी किंवा कबुतराच्या पिल्लाएवढे. एकेकाळी पूर्व अमेरिकेत त्याला तोटा नव्हता. पॅसेंजर कबुतरांचे अब्जावधींचे थवे होते आणि त्यांच्या वसाहतींत घरट्यांतून पडलेल्या पिल्लांचा खच पडे. माणसाने ती कबुतरे बंदुकीने आणि जाळ्यांनी इतकी मारली, की त्यांतले शेवटचे 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. प्रेअरी कोंबड्याही ओसरल्या. भुंगेऱ्याच्या पोटावर पहिला घाव बसला तो असा.

दुसरा घाव स्पर्धकांचा. लांडगे आणि प्यूमा मारले गेले, जंगलांचे तुकडे झाले, आणि त्या तुकड्यांच्या कडांवर रॅकून, स्कंक, कोल्हे असे मधल्या आकाराचे, मिळेल ते खाणारे प्राणी फोफावले. दीडशे ग्रॅमचे कलेवर त्यांना एका घासाचे. भुंगेरा पुरायला सुरुवात करतो तोवर कलेवर गायब. ब्लॉक आयलंडवर हे तिन्ही प्राणी नाहीत. उलट माणसांनी आणून सोडलेले फेझंट पक्षी तिथे आहेत आणि त्यांची पिल्ले नेमक्या वजनाची असतात. त्या बेटाचे रहस्य झुडपांत नव्हतेच. योग्य मापाचे कलेवर आणि ते हिसकावणारा कुणी नाही, या दोन गोष्टी त्या वाऱ्यावरच्या खडकाने सांभाळून ठेवल्या होत्या.

निदान करताना इतर शक्यता वगळाव्या लागतात. कीटकनाशकांवर संशय घेतला गेला. पण डीडीटी शेतात आले 1940 च्या दशकात आणि भुंगेऱ्याची ओहोटी त्याआधीच लागली होती. शिवाय त्याच परिसरात निक्रोफोरसच्या लहान जाती टिकून राहिल्या. विष असते तर त्यांनाही बाधले असते. रात्रीचे विजेचे दिवे, एखादा रोग, असे इतरही तर्क झाले. त्यांचा थोडाफार हात असेलही, पण मोठ्या जातीलाच नेमका फटका का, याचे उत्तर कलेवराचा आकार आणि त्यावरची चढाओढ यांतूनच नीट मिळते.

मढे आधी कुणाच्या तोंडी पडते, यावर किती काय अवलंबून असते हे महाराष्ट्राने गिधाडांच्या बाबतीत पाहिले आहे. 1990 च्या दशकापासून गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरू लागली आणि देशभरात त्यांच्या काही जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घसरली. गावाबाहेर टाकलेले ढोर कुत्र्यांच्या वाट्याला आले. कुत्री वाढली की चावे वाढतात, आणि चाव्यानंतरच्या इंजेक्शनांसाठीची रांग सरकारी दवाखान्यातच लागते. जनावरांसाठी या औषधावर 2006 साली बंदी आली. अमेरिकेतल्या रॅकूनची जागा इथे कुत्र्याने घेतली, इतकाच फरक.

अमेरिकॅनस परत आणण्याचे प्रयत्न 1990 च्या दशकात सुरू झाले. मॅसॅच्युसेट्सच्या नॅनटकेट बेटावर 1994 पासून पिंजऱ्यात वाढवलेले भुंगेरे सोडले गेले. त्यासाठी त्यांची पैदास ऱ्होड आयलंडमधल्या रॉजर विल्यम्स पार्क प्राणिसंग्रहालयात केली गेली. सेंट लुई प्राणिसंग्रहालयानेही असेच केंद्र उभारले आणि 2012 साली मिसूरी राज्यातल्या वाकोन्टा या राखीव प्रेअरीवर भुंगेरे सोडले. भुंगेरे जगतात, पिल्लेही वाढवतात. पण नॅनटकेटवर असे दिसले, की माणसाने लावे पुरवले तरच त्यांची संख्या टिकते. पत्ता बरोबर आहे, पण घरात शिधा नाही, अशी ती अवस्था.

ओक्लाहोमा आणि नेब्रास्कात दुसरे भांडण झाले. तिथे तेल आणि वायूच्या वाहिन्या टाकायच्या तर आधी जमिनीत बादल्या पुरायच्या, त्यात सडके मांस ठेवायचे, रात्री कोण येते ते पाहायचे आणि हा भुंगेरा आला तर त्याला सांभाळून काम करायचे, असा नियम होता. तेल उद्योगाच्या संघटनांना तो जाचक वाटला. भुंगेरा आता पूर्वी वाटला होता त्यापेक्षा जास्त ठिकाणी सापडला आहे, तेव्हा त्याला यादीतून काढा, अशी त्यांची मागणी होती. 2020 साली अमेरिकेच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाने त्याला ‘संकटग्रस्त’ वरून ‘धोक्यात’ या खालच्या पायरीवर आणले. त्याच निर्णयात हेही नोंदले आहे, की पुढच्या काही दशकांत दक्षिणेकडचे उन्हाळे इतके तापतील, की ओक्लाहोमासारख्या भागात हा भुंगेरा टिकणे कठीण होईल. ज्या राज्यात तो सर्वांत कसोशीने तग धरून राहिला, तोच त्याचा सर्वांत कच्चा पत्ता ठरतो आहे. पाइपलाइन एका बाजूने वळवता येते. उन्हाळा वळवता येत नाही.

मिसूरीच्या प्रेअरीवर भुंगेरे सोडण्याची पद्धत अशी आहे. जूनच्या सुमारास स्वयंसेवक माळावर ओळीने खड्डे खणतात. प्रत्येक खड्ड्यात मेलेला एक लावा ठेवतात. शेजारी एक नर आणि एक मादी सोडतात आणि वरून मातीचे ढेकूळ परत बसवतात. मग खड्ड्यांवर लोखंडी जाळी अंथरतात, चारी बाजूंनी खुंट्या ठोकतात, रॅकूनला उचकटता येऊ नये म्हणून. दहा-बारा दिवसांनी परत येऊन काही खड्डे उघडतात आणि लाव्याच्या उरलेल्या हाडांभोवती अळ्या किती आहेत ते मोजतात.